बोळाकडची खोली

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं म्हणतात. ज्यानं कुणी हे म्हणून ठेवलं, त्यानं घर भाड्यानं देऊन परदेशात राहून पाहिलेलं नसणार. मी पाहिलं. कॅनडात बसून मी नागपूरच्या वाडीतल्या चार खोल्यांच्या घराचं भाडं वसूल करायच्या मागे लागले होते, आणि त्या चौदा महिन्यांत माझ्या स्वभावाचं काय झालं ते माझ्या नवऱ्याला विचारा. मुळात मी तापट. आईकडून आलंय ते. पण आई तापली की दोन मिनिटांत निवायची, मला दोन महिने लागतात.

घर बाबांनी बांधलं. त्यांची सगळी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात गेली. तिथल्या कॉलनीत दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढले की आई ते आधी झटकायची, कारण राख. रिटायर झाल्यावर बाबांनी अमरावती रोडवर वाडीला प्लॉट घेतला. मागे ट्रान्सपोर्टची गोदामं, कोपऱ्यावर दिवसरात्र ट्रक, कुणालाही आवडू नये अशी जागा. आई मात्र खूश होती. तिचे पांढरे कपडे आता पांढरे राहत होते. पुढे दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यांत मागे देवाची खोली. तिची खिडकी बाजूच्या बोळात उघडायची, म्हणून आम्ही तिला बोळाकडची खोलीच म्हणायचो.

बाबा गेल्यावर आई तिथं पाच वर्षं एकटी राहिली. मी एकुलती एक, आणि मी कॅनडात. मग ते करोनाचं वर्ष आलं, विमानं बंद झाली, आणि त्या वर्षी पावसाळा सरता सरता आई गेली. तिला अग्नी देताना मी फोनच्या पडद्यावर पाहिलं. मामानं सगळं केलं. तो उमरेडहून पास काढून आला होता.

वर्षभरानं मामाच म्हणाला, घर बंद राहिलं तर वाळवी खाईल, भाड्यानं देऊन टाक. बाहेरदेशी राहणाऱ्यांची एक रीत असते, ती आम्हीही पाळली: घर द्यायचं, पण एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवायची. त्या खोलीत आपण कधी राहणार नसतो. तरी ती असली म्हणजे घर अजून आपलं आहे असं वाटतं. मामानं बोळाकडच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली कुठं ठेवली विचारलं तर म्हणाला, "त्या खोलीचं तू काही पाहू नको. तुह्या आईचं जसंच्या तसं आहे." मला वाटलं ट्रंका, भांडी, गाद्या. मी पुढे विचारलं नाही.

भाडेकरू चांगले मिळाले. एका गोदामात सुपरवायझर असलेला तरुण, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. दोनअडीच वर्षं पाच तारखेला पैसे बँकेत यायचे. मग मामा गेला, आणि मामा गेल्यावर दोनच महिन्यांत भाडं थांबलं. आधी पगार अडकला, मग बायकोचं ऑपरेशन, मग 'मॅडम पुढच्या महिन्यात नक्की', आणि मग काहीच नाही. मी पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक यायला लागली. म्हणजे नंबरच बंद. दहा हजार किलोमीटरवरून तुम्ही माणसाचं काय करू शकता? मी त्या एका टिककडे बघून शिव्या द्यायचे, मराठीत, म्हणजे शेजाऱ्यांना कळू नयेत.

शेवटी मे महिन्यात शेजारच्या काकूंना फोन केला. आईच्या वेळेपासूनच्या त्या. डोळ्यांना मोतीबिंदू, पण नजर सगळ्या गल्लीवर.

"दिवा लागते वं संध्याकाळी," काकू म्हणाल्या. "पण पोट्टा दिसत नाही. सून बी नाही."

"मग आहे कोण घरात?"

"म्हातारी आहे. बेल वाजवली का पडद्यातून पाहते, दार उघडत नाही. अन् दोघी बाया आहेत."

"कोणत्या बाया?"

"मले काय माहीत? बोळाकडच्या खिडकीत दिसतात. मी गच्चीवर कुरड्या टाकाले गेली का उभ्या. कुरड्या उचलाले गेली तरी उभ्या. पाठमोऱ्या. तोंड इकडं करतच नाहीत."

त्या खोलीला तर माझं कुलूप होतं. म्हणजे यांनी कुलूप तोडलं, आईचं सामान बाहेर काढलं आणि वर पोटभाडेकरू ठेवले. माझं डोकं फिरलं. मी काकूंवरच ओरडले, की तुम्ही इतके दिवस सांगितलं का नाही.

काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एक सांगू? रागावू नको. ती डावीकडची आहे नं, मागून सेम तुह्या आईसारखी दिसते. तसंच लुगडं नेसते."

फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला हे हसत हसत सांगितलं. त्यालाही हसू आलं. पण त्या दिवशी मी तळघरातलं कपड्याचं मशीन लावायला एकटी खाली गेले नाही, त्याला घेऊन गेले.

रामदासपेठेतला एक वकील गाठला. त्याची नोटीस गेली तशी परत आली, 'घर बंद' असा शेरा घेऊन. मग डिसेंबरात त्यानं आपल्या कारकुनाला पाठवलं, हातात देऊन ये म्हणून. कारकून पन्नाशीचा, आयुष्यभर नोटिसा वाटलेला माणूस. वकिलानं त्यालाच माझ्याशी बोलायला लावलं.

"मॅडम, पुढून कोणी दार उघडलं नाही, म्हणून मी बोळात गेलो. जाळीच्या खिडकीतून दोघी दिसल्या. माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. मी आवाज दिला. जाळीवर ठकठक केलं. मॅडम, मागून आवाज आला का माणूस वळतेच नं? मान तरी हलन, खांदा तरी हलन. त्याईचं काहीच हललं नाही."

"मग?"

"मग काय? नोटीस गेटले अडकवली अन् आलो. मले परत तिकडं पाठवू नका."

वकील हसला, पण त्यानं दुसऱ्याही कुणाला पाठवलं नाही. मी मात्र भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. माझा विश्वास माणसाच्या हलकटपणावर आहे. कुलूपबंद घर, पडदे ओढलेले, दार न उघडणारी म्हातारी, खिडकीत दोन अनोळखी बायका. मी दोन अधिक दोन केले, आणि उत्तर काय आलं ते लिहायला आज हात अडखळतो. मी पोलीस ठाण्याच्या नावे अर्ज लिहून काढला, की माझ्या घरात दोन बाया ठेवून गैरधंदा चालू आहे. वकील म्हणाला, असं कागदावर देण्याआधी एकदा स्वतः येऊन डोळ्यांनी बघा.

जाणं तसंही भाग होतं. मागच्या गोदामवाल्याला आमचं घर हवं होतं. पाडून तो तिथं गोदाम वाढवणार होता. किंमत चांगली देत होता, पण एका अटीवर: एप्रिलअखेर घर रिकामं करून द्यायचं, नाहीतर त्याला पलीकडचा प्लॉट तयार होता. कॅनडातल्या आमच्या घराचे हप्ते नवऱ्याची नोकरी गेल्यापासून थकत चालले होते. हा सौदा झाला तर ते घर वाचणार होतं, नाही झाला तर बँक दार ठोठावणार होती. दहा दिवसांची सुट्टी घेऊन मी एप्रिलच्या मध्याला नागपुरात उतरले.

वकील म्हणाला होता, साक्षीदार म्हणून माझा माणूस घेऊन जा. कारकून अर्थातच आजारी पडला. मी म्हटलं, गेला उडत, आणि दुपारी दीड वाजता एकटीच वाडीला गेले. आपल्याकडे एप्रिलात दुपारी दीडला रस्त्यावर कुत्रंही नसतं. ट्रकवाले ट्रकाखाली झोपलेले. गल्लीतल्या प्रत्येक घराच्या कूलरचा घरघर आवाज येत होता, फक्त आमच्या घरातून नाही. कूलर खिडकीत होता, पण कोरडा, त्याचं गवत गळून पडलेलं. अशा उन्हात कूलरशिवाय कोण राहतं?

मी बेल वाजवली नाही. सरळ बोळात शिरले. म्हटलं, रंगेहाथ पकडू.

खिडकी उघडी होती, मध्ये फक्त जाळी. आत अंधार, आणि बाहेरच्या उन्हानं माझे डोळे दिपलेले, त्यामुळे थोडा वेळ काही दिसेना. मग हळूहळू दोघी दिसल्या. पाठमोऱ्या, शेजारी शेजारी, सारख्या उंचीच्या. दोघींचे अंबाडे, त्यावर वाळलेलं काहीतरी. उजवीकडचीची हिरवी साडी. डावीकडचीचं जांभळं लुगडं, पदराची चौकट लाल, आणि खांद्यावर पदराला तीन घड्या घालून आडवी पिन लावलेली. पिन सगळेच उभी लावतात. आडवी फक्त आई लावायची.

माझ्या तोंडातून "आई" असं निघालं. मी ठरवून म्हटलं नाही. दोघींपैकी कुणी वळलं नाही. फक्त खसखस असा बारीक आवाज येत होता, तांदूळ सुपात हलवल्यासारखा, आणि तो त्यांच्या अंगातून येत होता. मी मागे सरकले तर पाठ भिंतीला लागली. मग मी तिथून पळाले. हो, पळालेच, पन्नास वर्षांची बाई.

पुढे आले तर दार उघडं होतं आणि दारात म्हातारी उभी होती. चिमणीएवढी, पांढरी साडी, हातात पाण्याचा तांब्या.

"ये वं," ती म्हणाली. "उन्हातून आली. पयले पानी पी."

मी पाणी प्यायले, आणि पाणी पोटात जाताच भीतीचा राग झाला. माझं नेहमी तसंच होतं. चौदा महिन्यांचं भाडं, नोटीस, तोडलेलं कुलूप, तिचा पळालेला मुलगा, सगळं मी एका दमात तिच्या अंगावर टाकलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि ऐकत राहिली. घरात एक स्टूल, एक चटई, स्वयंपाकघरात दोन पातेली, बाकी काही नव्हतं.

"पोरगा हैद्राबादले गेला," माझं संपल्यावर ती म्हणाली. "वर्ष झालं. सून घाबरली होती. म्हने त्या कुलपाच्या खोलीत कोणी आहे, रात्री आवाज येते. इथं राहत नाही म्हनली. तो म्हनला, आई, तू सामान राख, मी घर पाहून तुले न्यायले येतो. सामान मंग त्याचा दोस्त टेम्पोत घेऊन गेला. मले म्हनला, तुमाले तो स्वतः न्यायले येनार आहे."

"आणि त्या दोघी कोण आहेत?"

"तुह्याच तर आहेत."

"माझ्या कोण?"

तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. मग उठून माझं मनगट धरलं आणि मला मागे नेलं. तिचा हात वाळकुंडा होता, पण पकड पक्की होती. बोळाकडच्या खोलीच्या कडीला दोरी बांधलेली होती. ती सोडताना ती म्हणाली, "उंदरं झाले होते वं फार. सारं घर वास मारे. म्हून मी कुलूप तोडलं. एकटी होती मी तवा. दार लोटलं, अन् समोर दोन बाया उभ्या. माही तर बोबडीच वळली. तिथंच बसली मी घंटाभर. मंग ध्यानात आलं, अन् हात जोडले."

तिनं दार उघडलं. समोर निरांजन जळत होतं, आणि त्या उजेडात दोन पितळी चेहरे थेट माझ्याकडे पाहत होते. काजळ घातलेले डोळे, नाकात नथ, गळ्यात काळी पडलेली पोत. महालक्ष्म्या होत्या. आमच्या महालक्ष्म्या.

पुण्यामुंबईकडे गौरी म्हणतात, आपल्या विदर्भात महालक्ष्म्या. आमच्याकडे उभ्या असतात: माणसाच्या कमरेएवढ्या पत्र्याच्या कोठ्या गव्हातांदळानं भरायच्या, त्या स्टुलावर ठेवायच्या, वर धड, हात, साडी, दागिने आणि शेवटी मुखवटा. पूर्ण बाईच उभी राहते. भाद्रपदात तीन दिवस. पहिल्या दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी जेवायचं, तिसऱ्या दिवशी घरच्या माणसानं अक्षता टाकून मुखवटा जरासा हलवला की त्या गेल्या. भाद्रपदात त्या खिडकीतून पाहिल्या असत्या तर शेंबड्या पोरानंही ओळखल्या असत्या. पण मेमध्ये? डिसेंबरात? तिसऱ्या दिवसानंतर महालक्ष्म्या उभ्या राहतात हे नागपुरात कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. म्हणून काकूंना बायका दिसल्या, कारकुनालाही बायकाच दिसल्या. मला काय दिसलं होतं, ते माझ्या पर्समधल्या अर्जात लिहिलेलं होतं. मला इतकी शरम वाटली की मी पर्स खोलीबाहेर नेऊन ठेवली.

खसखस अजून चालू होती. कोठ्यांमधल्या गव्हाला किडे लागले होते, आणि उंदरांनी खालून भोकं पाडली होती. सून त्यालाच घाबरली होती. स्टुलांभोवती पिठाचा थर साचला होता.

"तुम्ही मांडल्या यांना?" मी विचारलं. "कशाला मांडल्या? आणि मग हलवल्या का नाहीत?"

"मी नाही वं मांडल्या," म्हातारी म्हणाली. "त्या उभ्याच होत्या. मी फक्त धूळ पुसली अन् दिवा लावला. खिडकी उघडली, कोंदट झालं होतं म्हून. समोर ताटं होते, त्यातलं सारं वाळून काळं झालं होतं. मी कोन हलवनारी? मी घरची नाही. घरच्या मानसानं अक्षता टाकल्याबिगर त्या कशा जातीन?"

मी खाली बसले. आडवी पिन कुणी लावली ते आता मला कळलं होतं.

त्या करोनाच्या वर्षी महालक्ष्म्यांना कुणीच आलं नव्हतं. एरवी पूजेला आणि अक्षता टाकायला मामा यायचा, पण उमरेडहून निघायची परवानगी नव्हती. आईनं एकटीनं कोठ्या भरल्या, एकटीनं साड्या नेसवल्या, एकटीनं पुरण घातलं. तिसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, "यंदा मी त्याईले हलवत नाही. तू येशील तवा तूच अक्षता टाक. तोवर राहू दे. घरात कोणी असलं म्हणजे बरं वाटते." आणि मी, शहाणी, मी तिला झापलं. म्हटलं, "आई, येड्यावानी करू नको. असं असते का कुठं? विमानं कधी सुरू होतीन मले काय माहीत? मुकाट्यानं हलव आजच." ती म्हणाली, "बरं." मला वाटलं झालं. मी पुन्हा विचारलंच नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली. म्हणजे ते तीन आठवडे ती या दोघींबरोबर राहत होती. सकाळी त्यांच्याशी काय बोलत असेल, स्वतःचं ताट घेऊन त्यांच्यासमोर बसत असेल का, हे मला कधीच कळणार नाही.

आणि मामा आला तेव्हा सुतक. सुतकात देवाला हात लावायचा नाही. तेरा दिवस झाले आणि तो स्वतःच तापानं पडला, कसाबसा उमरेडला परतला. पुढे इतक्या उशिरा हलवायच्या कशा, कुणाला विचारायचं, आणि मला हे सांगायचं कसं, हे त्याला सुचलं नसणार. त्यानं कुलूप घातलं. त्या कुलपामागे त्या उभ्या राहिल्या आणि पुढच्या खोल्यांत मी भाडेकरू ठेवले. मी रडले. म्हातारीनं मला रडू दिलं, गप्प बस वगैरे म्हणाली नाही.

मग तिनं एक वाटी आणली. अक्षता होत्या, ताज्या. ती म्हणाली, रोज सकाळी करून ठेवते, कोण कधी येईल सांगता येत नाही.

"तू टाक," ती म्हणाली. "त्या गेल्या म्हणजे मी बी मोकळी. मंग मी इथं राहत नाही. रिकाम्या घरात मले भेव लागते, अन् त्याईले दिव्याबिगर सोडून जाता येत नाही, म्हून राहिली. तुहे पैसे माह्याजवळ नाहीत. सरकारच्या निराधार योजनेचे थोडे येतात, त्यात लाइटबिल भरते अन् तेल आनते."

इतकं सोपं होतं सगळं. मी चौदा महिने वकील केले, नोटिसा पाठवल्या, झोप घालवली, आणि घर रिकामं व्हायला लागणार होत्या चिमूटभर अक्षता. मी वाटीत हात घातला. मूठ भरली. पितळी चेहरे माझ्याकडे पाहत होते, आणि मला वाटलं, आधी एक गोष्ट विचारायला हवी.

"तुम्ही कुठे जाल?"

"पोराकडे. त्याले फोन लाव नं तू. त्यानं मले नवा नंबर देल्ला आहे, पण माह्या फोनवरून लागत नाही."

चटईखालून तिनं चिठ्ठी काढली. मी उजव्या मुठीत अक्षता तशाच धरून डाव्या हातानं नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. माझ्या कॅनडाच्या नंबरावरून तो लगेच लागला. मी नाव सांगताच तो गडबडीनं बोलायला लागला. मॅडम, भाडं देतो, दोन महिन्यांत सगळं देतो, केस करू नका.

"भाड्याचं सोडा," मी म्हटलं. "मी तुमच्या आईजवळ बसले आहे. त्यांना घ्यायला कधी येता?"

मग तो म्हणाला, "येतो ना मॅडम. इथं जागा लहान आहे, जरा सेट झालो की नेतोच. आणि आत्ता साहेब सोडत नाहीत. सुट्टी मिळाली की येतो."

मी काही बोलायच्या आत म्हातारी फोनाकडे वाकली. तिचा आवाज एकदम बदलला, हसरा झाला.

"तू सावकाश ये रे बाबू. माही काळजी करू नको. मी एकटी नाही इथं. आमी तिघी आहो."

"कोण तिघी?" असं त्यानं विचारलं नाही. "बरं आहे मग," म्हणाला, आणि फोन ठेवला.

म्हातारीनं चिठ्ठीची घडी घालून ती परत चटईखाली सरकवली. माझी मूठ घामानं ओली झाली होती, अक्षता तळव्याला चिकटल्या होत्या. मी त्या एकेक करून वाटीत परत टाकल्या. याला दया म्हणू नका. त्या दोघींना घालवून या तिसरीला रस्त्यावर काढायची माझी छाती झाली नाही, इतकंच. तिथंच बसून मी वकिलाला फोन केला, की घर आत्ता रिकामं होणार नाही. तो म्हणाला, गोदामवाला थांबणार नाही, नंतर पस्तावाल. मी म्हटलं, पस्तावेन. नवऱ्याला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही नीट सांगता आलेलं नाही.

उरलेल्या दिवसांत आम्ही दोघींनी कोठ्या खालून साफ केल्या. वरची साडी न सोडता, मुखवट्याला धक्का न लावता ते करणं म्हणजे मोठं कसब. मी धड धरायचे आणि ती आडवी पडून किडका गहू उपसायची. नवा गहू भरला. खसखस थांबली. कूलरला गवत लावून घेतलं, पण तो तिनं लावला नाही. म्हणाली, वाऱ्यानं दिवा विझते.

दहाव्या दिवशी टॅक्सी दारात उभी होती. म्हातारी गेटपर्यंत आली. माझ्या हातावर तिनं खडीसाखर ठेवली आणि विचारलं, "मंग अक्षता टाकाले कधी येशील?"

"येते ना," मी म्हटलं. "सुट्टी मिळाली की येते."

तिच्या पोराचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं. म्हातारीनंही ते ऐकलं होतं. ती मान हलवून म्हणाली, "बरं."